आईचं पॅन, माझं टेन्शन!

पॅन कार्ड म्हटलं की तुम्हाला सगळ्यात आधी काय आठवतं? खरं खरं सांगा हं. तो फोटो! आयुष्यात आपण एवढे वाईट कधीच दिसलो नव्हतो, आणि नेमका तोच चेहरा आयकर खात्याने जपून ठेवलाय. माझ्या कार्डावर तर मी नुकतीच पोलीस चौकीतून सुटून आल्यासारखी दिसते. चहाच्या टपरीवर एकमेकांची पॅन कार्डं बघून खिदळणं हा आमच्या ग्रुपचा एके काळी सॉलिड टाइमपास होता.

बाकी त्या कार्डाशी आपला संबंध काय? जॉइनिंगच्या दिवशी एचआरला झेरॉक्स द्यायची, डीमॅट उघडताना नंबर टाकायचा, क्रेडिट कार्डवालीने फोनवर विचारला की "मीटिंगमध्ये आहे" म्हणून फोन कट करायचा. नंबर पाठ असतो. पण तो आपल्याकडे का आहे असं कुणी विचारलं, तर आपण गडबडतो. "टॅक्स भरायला लागतो ना..." असं काहीतरी पुटपुटतो.

मीही तेच समजत होते. पॅन म्हणजे टॅक्स भरणाऱ्यांची भानगड. मला टॅक्स लागत नाही, म्हणजे मला पॅन लागत नाही. किती साधं लॉजिक! या लॉजिकपायी २०१९ मध्ये माझे ७,२०० रुपये गेले. आणि आईला तेच लॉजिक पंधरा लाखांना पडणार होतं.

आधी माझी गोष्ट, कारण ती छोटी आहे. मास कॉम संपवून वर्ष झालं होतं. एका इव्हेंट कंपनीसाठी (नाव नको, उगाच कशाला!) मी एक ब्रोशर लिहून दिलं. ३६,००० रुपये ठरले होते. पहिलीच मोठी असाइनमेंट! त्या पैशांतून मी मनातल्या मनात कॅमेऱ्याची एक सेकंडहँड लेन्स घेऊनसुद्धा टाकली होती. खात्यात आले २८,८००.

अकाउंट्सला फोन लावला. तिथले काका एकदम शांत. "मॅडम, तुमचं पॅन नव्हतं ना. वीस टक्के कापले."

"पण सगळ्यांचे तर दहा कापतात!"

"पॅन असलं तर दहा."

झालं होतं असं, की त्या वेळी एखाद्या कंपनीने वर्षात ३०,००० च्या वर प्रोफेशनल फी दिली, तर दहा टक्के टीडीएस कापायचा नियम होता. पण ज्याने पॅन दिलं नाही, त्याचे थेट वीस टक्के. ही तरतूद एप्रिल २०१० पासूनची. आता दहा काय नि वीस काय, माझं वर्षाचं उत्पन्न टॅक्स लागण्याएवढं नव्हतंच. म्हणजे रिटर्न भरून सगळे पैसे परत मागता आले असते. पण कुणाच्या नावाने मागणार? टीडीएस सरकारकडे जमा होतो तो पॅनच्या खाली. पॅनच नाही म्हटल्यावर माझे ७,२०० तिजोरीत गेले खरे, पण ते माझे आहेत हे तिजोरीला माहीतच नव्हतं. देवळाच्या दानपेटीतली नोट कुणी टाकली, हे पुजाऱ्याला तरी कुठे कळतं?

मी धावत जाऊन पॅन काढलं. दोन महिन्यांनी काकांना पुन्हा फोन केला. "त्या तिमाहीचं स्टेटमेंट भरून झालं, मॅडम." ते दुरुस्त करता येतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर काकांनी माझा नंबर बहुतेक ब्लॉक केला होता.

लेन्स राहिली. पण तेव्हापासून मी या दहा अक्षरांकडे जरा आदराने बघायला लागले. तुम्हीही तुमचं कार्ड काढा आणि बघा. पहिली तीन अक्षरं नुसती ओळीने येणारी. चौथं अक्षर तुम्ही कोण आहात ते सांगतं: माणूस असाल तर पी, कंपनी असेल तर सी, फर्म असेल तर एफ, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एच. पाचवं अक्षर तुमच्या आडनावाचं पहिलं अक्षर. मग चार आकडे, आणि शेवटचं अक्षर म्हणजे आधीची नऊ बरोबर लिहिलीत की नाही ते तपासायची खूण.

यातलं पाचवं अक्षर मला भारी आवडतं. कारण नंबर एकदा मिळाला की तो आयुष्यभर तोच. लग्नानंतर आडनाव बदललं तर कार्डावरचं नाव बदलून मिळतं, नंबर नाही. माझ्या एका मैत्रिणीने लग्नात हौसेने नाव-गाव-आडनाव सगळं बदललं. आज तिचा बँक बॅलन्स, तिचे शेअर्स, तिचं होम लोन, सगळं ज्या नंबराला बांधलंय, त्याच्या मधोमध तिच्या माहेरचं आडनाव बसलंय ठिय्या मारून! सासूबाईंना अजून पत्ता नाही.

आता आईकडे येते.

माझी आई १९६४ ची. वाईची. लग्न होऊन १९८९ साली डोंबिवलीला आली आणि आली तीच नवीन नावाने. माहेरची मंगल सासरी मानसी झाली. मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, पहिलंही बदललं. जुनं असं काही शिल्लकच ठेवलं नाही. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. आई घरी इंग्लिश मीडियमच्या पोरांच्या मराठीच्या शिकवण्या घ्यायची. महिन्याची फी स्टीलच्या डब्यात. तिला कुणी कधी विचारलं नाही, "तुमचं पॅन?" आणि विचारलंच तर उत्तर ठरलेलं. "मला कुठे उत्पन्न आहे?"

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, तेव्हा त्या डब्यातून ४६,५०० रुपये निघाले. आईचं पोस्टात एक खातं होतं. पण बाबा म्हणाले, "तुझं पॅन नाही, उगाच विचारत बसतील. माझ्या खात्यात भरतो." भरले. मग त्यातून फ्रिज आला. फार नंतर, या लेखासाठी जुने नियम चाळताना मला कळलं, की तेव्हा दिवसाला पन्नास हजारांच्या आतली रोकड भरायला पॅन लागतच नव्हतं. आईला सांगितलं, तर म्हणाली, "फ्रिज चांगला चाललाय की."

तर, २०२४ ची भाऊबीज. ३ नोव्हेंबर, रविवार. दोन्ही मामा आमच्याकडे जेवायला. आईने ओवाळलं, त्यांनी साड्या दिल्या, बासुंदीच्या वाट्या संपल्या. मग मोठ्या मामांनी घसा साफ केला. वाईच्या घराला गिऱ्हाईक आलंय. साठ लाख म्हणतोय.

ते घर आजोबांनी स्वतः बांधलेलं. आजोबा १९९८ ला गेले, मृत्युपत्र नव्हतं. आजी २०२२ ला गेली, तिचंही नव्हतं. तेव्हापासून घर बंद. मिळकत पत्रिकेवर वारस म्हणून तिघांची नावं लागलेली: दोन भाऊ आणि मंगल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटत असेल, की मुलींना हक्क मिळाला तो २००५ साली. पण तो मुद्दा वडिलोपार्जित मालमत्तेचा. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर आणि मृत्युपत्र नाही, तर मुलीला मुलाएवढाच वाटा, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. म्हणजे आईचे वीस लाख. हिशोब एवढा सोपा की बासुंदी खातासुद्धा जमावा.

पण मामा म्हणाले, "मंगल, तुझं पॅन कार्डच नाही ना."

खरं होतं ते. आणि पुढे मामा जे बोलले तेही बरंचसं खरं होतं, हीच तर गंमत! त्यांनी एजंटाकडून माहिती काढली होती. दहा लाखांवरची जागा विकायची तर तेव्हाच्या नियमाने पॅन द्यायला लागायचं. पन्नास लाखांवरचा व्यवहार असला की खरेदीदार विकणाऱ्याच्या पैशांतून एक टक्का टीडीएस कापणार, आणि पॅन नसेल तर... तुम्हाला आता पाठ झालं असेल. वीस टक्के! वीस लाखांचे वीस टक्के म्हणजे चार लाख. "वर कॅपिटल गेन, रिटर्न, सीए, नोटिसा. तुला कशाला ही कटकट? तू आपलं हक्कसोड पत्र करून दे. आम्ही दोघं व्यवहार बघतो आणि तुला पाच लाख रोख आणून देतो. घरपोच."

हक्कसोड पत्र म्हणजे आपला वाटा भावांच्या नावे सोडून देणं. काही शे रुपयांचा मुद्रांक, रजिस्टर ऑफिसात एक अंगठा, संपलं. नंतर "मला समजलं नव्हतं" म्हणून सहसा मागे फिरता येत नाही. गावोगावच्या बहिणींनी ते दिलेलं आहे, बहुतेक वेळा भाऊबीजेच्या साडीएवढ्या सहजतेने.

आई म्हणाली, "बघू." हात धुवायला उठली.

मामा व्हिलन नाहीत, हे आधीच सांगून टाकते. आजीची शेवटची चार वर्षं त्यांनी काढली. तिचं आजारपण, रात्रीची नर्स, सगळं. त्यांच्या मनात कुठेतरी तो हिशोब होता आणि तो चुकीचाही नव्हता. पण हा हिशोब त्यांनी उघड मांडला नाही. त्यांनी मांडलं पॅन.

रात्री मी बाबांशी भांडले. बाबांचं म्हणणं, "तिच्या नावावर आहे काय, म्हणून पॅन काढायचं?"

"तिच्या नावावर काही नाही, कारण तिचं पॅन नाही. तुम्ही सगळ्या एफडी तुमच्या नावावर केल्यात."

"अगं, म्हणजे कुणाच्या करणार? पॅन माझंच होतं!"

आम्ही दोघं एकाच वर्तुळात दोन बाजूंनी पळत होतो. आई मध्ये भांडी लावत होती. मग ती म्हणाली, "किती पैसे लागतात ते काढायला?"

"एकशे सात रुपये."

"मग उद्या जाऊ."

(तो दर तेव्हाचा, छापील कार्ड घरी मागवायचा. आणि इथले बाकीचे आकडे, टक्के, मर्यादाही त्या त्या वर्षाच्या आहेत. २०२५ साली नवा आयकर कायदा मंजूर झाला आणि तो १ एप्रिल २०२६ पासून लागू करायचा ठरला, त्यामुळे तुमचा व्यवहार असेल तर आजचा आकडा सीएला विचारा. माझ्यावर केस टाकू नका.)

'उद्या' काही लगेच उजाडला नाही. मला वाटलं होतं, आधारवरून झटपट मिळणारं ई-पॅन असतं, फुकट असतं, दहा मिनिटांत काढू. पण त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आईच्या आधारला कुठला नंबर जोडलेला? बाबांचा. तोही कारखान्यातून रिटायर झाल्यावर बंद केलेला! तो बदलायचा तर आधी आधार केंद्राची रांग. तोवर २५ नोव्हेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पॅन २.०' मंजूर केल्याची बातमी आली आणि धाकट्या मामाचा लगेच फोन. "ताई, आता घाई करू नकोस. जुनी कार्डं सगळी बाद होणारेत. नवीन आलं की काढ." तसं काहीही नव्हतं. असलेली पॅन कार्डं चालू राहणार, हे सरकारने तेव्हाच सांगितलं होतं. पण व्हॉट्सअ‍ॅपला कोण आवरणार? आणि गिऱ्हाईक जानेवारीअखेर व्यवहार उरकायचा म्हणून बसलेलं. त्याला आईची सही हवी होती. विक्रीच्या कागदावर, नाहीतर हक्कसोडीच्या.

शेवटी आम्ही कागदी फॉर्म भरायचं ठरवलं. स्टेशनजवळ एक झेरॉक्सचं दुकान आहे, 'पॅन कार्ड काढून मिळेल' अशी पाटी असलेलं. तिथला पोरगा जेमतेम विशीतला. त्याने फॉर्म ४९ए काढला, आधारची झेरॉक्स घेतली, दोन फोटो चिकटवले आणि विचारलं, "वडिलांचं नाव?"

आईने बाबांचं नाव सांगितलं. सवयीने. रेशन कार्ड, बँक, गॅस, हॉस्पिटल, मतदार यादी, पस्तीस वर्षं प्रत्येक खिडकीवर ती हेच नाव सांगत आलीये.

"ते मिस्टरांचं झालं, काकू. वडिलांचं सांगा."

"अरे, लग्न झालंय माझं."

"तरी वडिलांचंच लागतं. मिस्टरांचा कॉलमच नाय फॉर्मवर."

आईने माझ्याकडे बघितलं. मला हे माहीतच नव्हतं! माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे माझ्या कार्डावर बाबांचं नाव आहे यात मला कधी काही विशेष वाटलं नव्हतं. पण ते खरंच तसं आहे. लग्न झालेल्या बाईलाही पॅनच्या फॉर्मवर वडिलांचंच नाव लिहावं लागतं. नवऱ्याला त्या फॉर्मवर जागाच नाही.

"दे इकडे," आई म्हणाली आणि पेन घेतलं. इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एका चौकोनात एक अक्षर. विनायक. मग माहेरचं आडनाव. लिहिताना ती मध्येच थांबली, पेनाने हवेत एकदा स्पेलिंग गिरवून बघितलं आणि मग लिहिलं. मागे रांगेत एक माणूस चुळबुळ करत होता. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कार्डवर कुणाचं छापायचं?" पोराने विचारलं. "वडिलांचं की आईचं? दोन्हीतलं एक."

"आईचं पण चालतं?"

"चालतं की."

खरंच चालतं. फॉर्ममध्ये तशी निवड असते, काहीच टिक केलं नाही तर वडिलांचं छापतात. आणि ५ डिसेंबर २०१८ पासून, आईने एकटीने वाढवलेल्या मुलांना वडिलांचं नाव द्यायचीही सक्ती उरली नाही. माझी एक कॉलेजातली मैत्रीण त्या दिवसाची वाटच बघत बसली होती.

आई विचारात पडली. चांगला अर्धा मिनिट. मग म्हणाली, "वडिलांचं छाप. घर त्यांच्या नावावर आहे."

रिक्षात मात्र म्हणाली, "आईचं छापलं असतं तर तिला मजा वाटली असती. दारावरच्या पाटीवर पण नव्हतं तिचं नाव."

डिसेंबरच्या मध्यावर माझ्या ईमेलवर तिचं ई-पॅन येऊन पडलं, मागोमाग पोस्टाने कार्ड. अन्याय बघा, तिचा फोटो छान आलाय! पाचवं अक्षर आमच्या, म्हणजे सासरच्या आडनावाचं, कारण नंबर मिळाला तेव्हा ती तेच आडनाव लावत होती. वर 'मानसी' आणि खाली आजोबांचं नाव. एकाच कार्डावर दोन्ही घरं. बाबा ते घेऊन खाली गेले आणि झेरॉक्स काढून आणल्या. तीन सेट! कुणी सांगितलं नव्हतं.

मग आईने मोठ्या मामांना फोन लावला. मी शेजारी होते, स्पीकर ऑन.

"दादा, पॅन आलं. नंबर लिहून घे."

पलीकडे शांतता. मग मामा म्हणाले, "मंगल, तू रागावलीस का?"

"नाही रे. आईच्या दुखण्यात तुझे किती गेले, त्यातला माझा वाटा सांग. तो मी देते, माझ्या खात्यातनं, चेकने. पण आता नंबर लिहून घे. ए... ए... अरे, ए फॉर अ‍ॅपल!"

मामांनी लिहून घेतला. आणि खरं सांगू, त्यांच्या आवाजात मला सुटल्यासारखंच काहीतरी ऐकू आलं. हक्कसोडीचा विषय त्यानंतर निघाला नाही. आजारपणाचा मात्र निघाला, आणि आईने दोन लाख दिले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये वाईला रजिस्ट्रेशन झालं. विक्रीच्या कागदावर आईचं नाव चांगलं दोन ओळींचं होतं: मानसी, पुढे बाबांचं नाव, सासरचं आडनाव, उर्फ मंगल, पुढे आजोबांचं नाव, माहेरचं आडनाव. मंगल आणि मानसी ही एकच बाई आहे, असं प्रतिज्ञापत्र वकिलांनी आधीच करून घेतलं होतं. फोटो काढला, अंगठा दिला. तिच्या वाट्यातून टीडीएस कापला गेला तो एक टक्का. वीस हजार.

माझा एक सीए मित्र आहे, त्याने पुढचं बघितलं. घराची १ एप्रिल २००१ ची किंमत काढली, नफा किती तो ठरवला. त्यातला मोठा भाग ठरावीक सरकारी कंपन्यांच्या बाँडमध्ये सहा महिन्यांच्या आत गुंतवला, की त्यावरचा टॅक्स वाचतो, मात्र पाच वर्षं हात लावायचा नाही. हे ऐकून आई खूश. "कुणाला उसने द्यायला नकोत," म्हणाली. उरलेल्याची एफडी केली. बाबांनी फॉर्मवर पहिलं नाव स्वतःचं घालायचा एक क्षीण प्रयत्न करून बघितला. आईने फॉर्म स्वतःकडे ओढला. एवढंच.

ऑगस्टमध्ये तिने आयुष्यातलं पहिलं रिटर्न भरलं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. पोर्टलवर तिच्या पॅनखाली ते वीस हजार दिसत होते, तारखेसकट. काही आठवड्यांनी ते तिच्या खात्यात परत आले आणि तिने घरभर मोबाइल नाचवला. आयकर खात्याने तिला पैसे पाठवले! मी म्हटलं, माझे ७,२०० पण मागून बघ.

आता जरा तुमच्याबद्दल. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पॅन आहे, आम्ही सेफ. एक मिनिट! ३० जून २०२३ पर्यंत ज्यांनी पॅन आधारला जोडलं नाही, त्यांचं पॅन १ जुलैपासून निष्क्रिय झालं. निष्क्रिय पॅन म्हणजे टीडीएसच्या हिशोबाने जवळजवळ नसलेलं पॅन: जास्त दराने कापणार, रिफंड अडकणार. आपल्या मराठी माणसांचा यात स्पेशल लोचा झाला. शाळेत आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर मधलं नाव नुसतं एका अक्षराचं. नाव जुळेना म्हणून जोडणी होईना, आणि जोडायला हजार रुपये फी. माझा एक कॉपीरायटर मित्र चार महिने वाढीव टीडीएस देत बसला होता आणि त्याला वाटत होतं क्लायंटच लबाड आहे. तेव्हा पोर्टलवर जाऊन स्टेटस बघून घ्या. आणि कार्ड हरवलं म्हणून नवीन पॅन काढायला जाऊ नका, त्याच नंबराचं कार्ड परत छापून मिळतं. दोन पॅन बाळगल्याबद्दल दहा हजारांच्या दंडाची तरतूद होती, ती उगाच नव्हे.

आणि घरी गेलात की आईला विचारा. नुसतं विचारून बघा. "आहे ना, तुझ्या बाबांकडे आहे," असं उत्तर आलं, तर ते तिचं आहे की बाबांचं, तेवढं बघा.

२०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती, गुरुवारी. मामा आले, या वेळी माम्याही आल्या. बासुंदीच होती. जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी हॉलमध्ये मॅच बघत लोळली आणि धाकटी मामी आईच्या मागे स्वयंपाकघरात गेली. मी ओट्यापाशी चहा टाकत होते. मामी ब्लाउज शिवते, चांगलं चालतं तिचं. पैसे कुठे ठेवते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ते कार्ड तुम्ही कुठनं काढलंत हो?"

आईने गॅस बारीक केला. "स्टेशनजवळ आहे एक पोरगा. दोन फोटो आण आणि आधार आण. आणि ऐक, ह्यांचं नाव नाही लागत हं. तुझ्या वडिलांचं काय गं नाव?"